कपाटातला चंद्र

चंद्राच्या भूमीवर पहिले पाऊल टाकणारे नील आर्मस्ट्राँग २०१२ च्या ऑगस्ट महिन्यात निवर्तले. त्यांच्या पश्चात घरातील चीजवस्तूंची आवराआवर करीत असता त्यांच्या पत्नीला एका कपाटात पांढऱ्या कापडाची एक पिशवी सापडली. बायकांच्या हातातील पाकिटासारखी चटकन उघडणारी आणि चटकन मिटणारी. आत होते काय? दोनचार दिवे, काही कड्या आणि खुंट्या, नेम धरण्याचे एक उपकरण, कमरेला बांधावयाचा एक पट्टा आणि चलच्चित्रे घेणारा एक लहानसा कॅमेरा. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या बाजारातील व्यापाऱ्याने हा ऐवज तागडीत टाकून वजनाने घेतला असता आणि घरच्या माणसांनीही ‘कपाट मोकळे झाले’ म्हणून समाधानाचा निःश्वास टाकला असता!

परंतु त्या विदुषीने तसे केले नाही. तिने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयातील जाणकारांना विचारले. त्यांनी उड्डाणाच्या कागदपत्रांशी एकेक वस्तू ताडून पाहिली आणि २०१५ च्या फेब्रुवारीत जगाला सांगितले की, हा तर ‘अपोलो ११’ च्या ‘ईगल’ यानातील ऐवज आहे! २० जुलै १९६९ रोजी ते यान खाली उतरत असता खिडकीतून दिसणारी चंद्रभूमी जिने जगाला दाखविली, ती चित्रफीत याच कॅमेऱ्याने टिपलेली. चंद्रावरील त्या अपुऱ्या विश्रांतीच्या वेळी, अवघडलेले पाय टेकावयास जागा नाही म्हणून आर्मस्ट्राँगनी झोळीसारखा टांगून घेतला होता तो हाच पट्टा. मानवजातीच्या सर्वांत मोठ्या प्रवासाचे हे साक्षीदार ४३ वर्षे एका कपाटात मुकाट्याने पडून होते. आर्मस्ट्राँगनी हयातीत त्यांचा गाजावाजा केला नाही. परतीच्या वाटेवर सोबत्यांशी बोलताना त्यांनी या पिशवीला ‘केरकचरा’च म्हटले होते!

हा प्रसंग ऐकून कोणाचेही मन भरून येईल. आमचेही आले. पण भरून आलेले मन ओसरल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ही पिशवी कोणाची? ज्याने ती आणली त्याची? ज्यांनी पैसे मोजले त्या करदात्यांची? की ज्या इतिहासाची ती खूण आहे त्या इतिहासाची?

प्रथम एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. अंतराळवीरांनी या वस्तू घरी आणल्या यात आम्हांस चोरी दिसत नाही. चंद्रावर उतरणारे यान हे एकदाच वापरून टाकून द्यावयाचे यान होते. त्याचा खालचा भाग चंद्रावरच राही आणि दोघा प्रवाशांना घेऊन वर आलेला भाग मुख्य यानाशी गाठ पडल्यानंतर सोडून देण्यात येई. त्या भागात जे जे राहिले ते ते मनुष्याला कायमचे पारखे झाले. ‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण आपण निंदेने वापरतो. पण येथे तळेच आटून जावयाचे होते. त्यातील ओंजळभर पाणी कोणी वाचवून घरी आणले, तर त्याला चोर म्हणणाऱ्याच्या न्यायबुद्धीची आम्हांस शंका येईल.

आणि या माणसांना मिळत तरी काय होते? एडविन ऑल्ड्रिन चंद्रावर जाऊन आले आणि त्यांनी सरकारी नोकराच्या शिरस्त्याप्रमाणे प्रवासभत्त्याचा तक्ता भरून दिला. ह्यूस्टनहून केप केनेडी, तेथून चंद्र, चंद्राहून प्रशांत महासागर, तेथून हवाई आणि पुन्हा ह्यूस्टन. एकूण येणे ३३ डॉलर ३१ सेंट! आमच्या सचिवालयातील कारकुनालाही हा आकडा पाहून गहिवर यावा. परत येऊ की नाही याची शाश्वती नव्हती. म्हणून उड्डाणापूर्वी या तिघांनी टपालाच्या लिफाफ्यांवर सह्या करून ते मागे ठेविले होते. आपले बरेवाईट झाले तर निदान हे विकून बायकामुलांची सोय व्हावी, एवढाच त्यातील हेतू. ज्याने आपल्या सहीचा विमा उतरविला, त्याने एक पट्टा आणि दोन दिवे ठेवून घेतले तर बिघडले कोठे?

तेव्हा बिघडले ते वस्तू ठेवण्यात नव्हे. बिघडले ते नोंद न ठेवण्यात. अमुक वस्तू अमुक वीराला दिली, असे कोणी कागदावर लिहिले नाही. वरिष्ठांनी मान हलविली, सहकाऱ्यांनी हसून पाहिले आणि वस्तू घरी गेली. पराक्रमाच्या धुंदीत हिशेबाची वही उघडावयास कोणास सवड होती? पुढे चाळीस वर्षांनी त्या वहीची कोरी पाने न्यायालयात फडफडू लागली.

२०११ साली ‘अपोलो १४’ चे एडगर मिचेल यांनी आपल्या चांद्रयानातील कॅमेरा लिलावास काढला. तो आपण उचलून आणला नसता तर यानाबरोबर नष्टच झाला असता, हे त्यांचे म्हणणे. पण अमेरिकन सरकारने त्या ऐंशी वर्षांच्या वृद्धावर दावा लावला आणि अखेर तडजोड होऊन तो कॅमेरा सरकारच्या स्वाधीन झाला व संग्रहालयात गेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘अपोलो १३’ चे नायक जेम्स लॉवेल यांच्याजवळची एक कार्यसूची ३,८८,३७५ डॉलरना विकली गेली. ही कार्यसूची म्हणजे काय ते वाचकांनी ध्यानात घ्यावे. १९७० च्या एप्रिलमध्ये वाटेवरच यानातील प्राणवायूची टाकी फुटली, मुख्य यान निकामी होऊ लागले आणि तिघांना चांद्रयानाचा आश्रय घ्यावा लागला. त्या घाईत दिशादर्शक यंत्रणेचे आकडे एका यानातून दुसऱ्यात नेण्यासाठी लॉवेलनी जी आकडेमोड केली, ती याच कागदांवर. बेरीज-वजाबाकीत आपली चूक तर होत नाही ना, म्हणून त्यांनी पृथ्वीवरच्या मंडळींना ती तपासावयास सांगितली. तीन प्राण त्या बेरजेवर टांगलेले होते! ज्या चांद्रयानात हे घडले ते पृथ्वीच्या वातावरणात जळून गेले. ही वही तेवढी उरली. आणि सरकार विचारते की, ही विकण्याचा तुमचा अधिकार कोणता?

सुदैवाने तेथे शहाणपणाला जागा होती. ‘नासा’ चे तत्कालीन प्रमुख चार्ल्स बोल्डन हे स्वतः अंतराळवीर. त्यांनी २०१२ च्या आरंभी या ज्येष्ठांना भेटून आपल्या खात्याचे नियम संदिग्ध होते हे मान्य केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकन काँग्रेसने संमत केलेल्या कायद्यावर अध्यक्ष ओबामा यांची सही झाली आणि मर्क्युरी, जेमिनी व अपोलो या मालिकांतील वीरांजवळ असलेल्या स्मृतिवस्तूंची पूर्ण मालकी त्यांना मिळाली. चंद्रावरचे दगड आणि माती तेवढी यातून वगळली. बैल गेल्यावर बांधलेला हा झोपा होता खरा. पण झोपा चांगला होता, हे कबूल केले पाहिजे. लॉवेल २०२५ च्या ऑगस्टमध्ये वारले, ते चोरीच्या आळापासून मुक्त होऊन वारले.

मग प्रश्न मिटला काय? आमच्या मते मुळीच नाही. मालकी म्हणजे विकण्याचा अधिकार, आणि विकण्याचा अधिकार म्हणजे ज्याच्यापाशी अधिक दाम त्याच्या तिजोरीत इतिहास कोंडण्याचा अधिकार. २०२२ च्या जुलैत ऑल्ड्रिन यांनी चंद्रप्रवासात घातलेला अंगरखा सुमारे २७ लाख ७२ हजार डॉलरना विकला गेला. ‘अपोलो १५’ चे डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर मनगटाला बांधलेले स्वतःचे घड्याळ २०१५ साली १६ लाख २५ हजारांना गेले. म्हाताऱ्या वीरांना चार पैसे मिळाले याचा आम्हांस आनंदच आहे. पण ज्या यानातून हे अंगरखे आणि घड्याळे गेली, ते यान सुमारे चार लक्ष माणसांच्या श्रमांतून उभे राहिले होते. अंगरखे शिवणाऱ्या शिंपिणी, तारा जोडणारे कामगार, रात्र रात्र जागणारे गणिती यांची नावे कोणत्याही लिलावाच्या पत्रिकेत छापली जात नाहीत. त्या वस्तूवर त्यांच्या बोटांचे ठसे आहेत. त्यांच्या नातवंडांना ती निदान काचेआडून पाहता यावी, एवढेही मागणे मागू नये काय?

येथे एक भेदही सांगितला पाहिजे. वाचविलेली वस्तू निराळी आणि विकण्यासाठी नेलेली वस्तू निराळी. ‘अपोलो १५’ च्या तिघांनी १९७१ साली परवानगीवाचून सुमारे ४०० टपाल-लिफाफे चंद्राला नेऊन आणले. त्यांपैकी १०० एका जर्मन तिकीटव्यापाऱ्याच्या हाती जावयाचे आधीच ठरले होते. गोष्ट उघडकीस आली, तिघांची कानउघाडणी झाली आणि पुन्हा अंतराळात जाणे त्यांच्या नशिबी आले नाही. ही शिक्षा कठोर वाटेल, पण तिच्या मागील तत्त्व आम्हांस मान्य आहे. राष्ट्राच्या रथात बसून जाणाऱ्याने पाठीवर आपले दुकान बांधून नेऊ नये. याच्या उलट आर्मस्ट्राँगनी आपल्याबरोबर राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचा लाकडाचा तुकडा आणि पंखाचे कापड नेले होते. तीही स्मृतिवस्तूच. पण त्या तुकड्याने ६६ वर्षांचे अंतर एका टाक्यात शिवून टाकले!

कोणी म्हणेल, ‘मग सर्व काही सरकारजमा करा, म्हणजे झाले!’ आम्हांस सरकारच्या भांडारगृहाचा इतका भरवसा वाटत नाही. चंद्रावरून आलेल्या पहिल्या चित्रांच्या मूळ फिती याच ‘नासा’ ने पुसून पुन्हा वापरावयास काढल्या, असे तिला २००९ साली स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले. ज्यासाठी अब्जावधी डॉलर ओतले त्याचे मूळ चित्र फितींच्या टंचाईपायी गेले! त्याहून मौजेची गोष्ट आर्मस्ट्राँगनी चंद्रमाती ज्या पिशवीत भरली त्या पिशवीची. कॅन्ससमधील एका संग्रहालयाच्या माजी संचालकावर अपहाराचा गुन्हा शाबीत झाला. त्याच्याकडून जप्त केलेल्या मालात ही पिशवी होती. पण नोंदीतील क्रमांकाचा घोटाळा झाला आणि सरकारनेच ती २०१५ साली लिलावात अवघ्या ९९५ डॉलरना विकली! घेणाऱ्या बाईंनी ती तपासण्यासाठी ‘नासा’ कडे पाठविली, तेव्हा तिच्यात चंद्राची धूळ निघाली. ‘नासा’ पिशवी परत देईना. न्यायालयाने बाईंच्या बाजूने कौल दिला. आणि २० जुलै २०१७ रोजी तीच पिशवी १८ लाखांहून अधिक डॉलरना गेली. एका चुकलेल्या आकड्याची ही किंमत!

तिकडे रशियात तर राष्ट्रच मोडल्यावर त्याचा इतिहास हातगाडीवर आला. १९९३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये सोव्हिएत अंतराळसाहित्याचा लिलाव झाला. त्यात मानवरहित ‘लूना १६’ ने आणलेले चंद्रमातीचे तीन कण ४,४२,५०० डॉलरना गेले. ते विकणारी स्त्री सोव्हिएत अंतराळविद्येचे जनक सर्गेई कोरोलेव्ह यांची विधवा होती. पतीने राष्ट्राला आकाश दिले, आणि विधवेने त्या आकाशाचे तीन कण बाजारात मांडले. यावर आम्ही अधिक लिहू इच्छीत नाही.

तात्पर्य हे की, घर असो वा सरकार, वस्तू कोणाच्या छपराखाली आहे यावर तिचे रक्षण अवलंबून नसते. ते अवलंबून असते तिच्या नोंदीवर. ज्या वस्तूची वंशावळ लिहिलेली नाही, तिचे कुळ पुढे कोणी सिद्ध करू शकत नाही. हे महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यास आली. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून ती तिकडे गेली. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी शिवछत्रपतींच्या हाती होती ती हीच काय? ते सिद्ध करता येत नाही, असे खुद्द ते संग्रहालयच सांगते. लाखो माणसे ज्याच्यापुढे हात जोडतात त्या पोलादावर एक ओळ तेवढी कमी पडली. ती ओळ त्या वेळी लिहिली गेली असती तर आज वाद उरता ना!

आता आपल्या घरात डोकावू. आपण आता केवळ दुसऱ्याच्या चंद्रमोहिमांचे प्रेक्षक राहिलेलो नाही. १९६९ च्या ऑक्टोबरात ‘अपोलो ११’ चे तिघे वीर जगप्रवासात मुंबईस आले, तेव्हा आपण टाळ्या वाजविल्या. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात जाऊन आले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चंद्रयान ३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशात उतरले. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले. आणि आपल्याच यानातून आपला माणूस अंतराळात धाडण्याचा संकल्प राष्ट्राने २०१८ सालीच सोडला आहे. अशा राष्ट्राने या वस्तूंसाठी कायदा कोणता केला आहे? १९७२ चा पुराणवस्तू व कलानिधी कायदा म्हणतो की, वस्तू पुराणवस्तू ठरावयास ती किमान १०० वर्षांची असावी, हस्तलिखित असल्यास ७५ वर्षांचे. म्हणजे राकेश शर्मांच्या अंगावरच्या पोशाखाची पुराणवस्तू म्हणून दखल घ्यावयास हा कायदा २०८४ सालापर्यंत डोळे मिटून बसणार! मूर्ती आणि ताम्रपट यांच्यासाठी तो योग्य असेल. पण विज्ञानाच्या वस्तूला म्हातारी होण्याची सवड मिळत नाही. ती दहा वर्षांत जुनी ठरते, वीस वर्षांत अडगळ होते आणि तीस वर्षांत भंगारात जाते.

आणि अशा वेळी आपण काय करतो, हे मुंबईने डोळ्यांनी पाहिले आहे. भारताच्या अणुशक्तीचे शिल्पकार आणि अंतराळ संशोधनाला ज्यांच्या खात्याच्या छत्राखाली १९६२ साली आरंभ झाला ते डॉ. होमी भाभा मलबार हिलवर ज्या ‘मेहरांगीर’ बंगल्यात राहिले, तो २०१४ साली ३७२ कोटी रुपयांना लिलावात गेला आणि २०१६ साली जमीनदोस्त झाला. तेथे स्मारक व्हावे म्हणून मागण्या झाल्या, पण त्या वाऱ्यावर गेल्या. अमेरिकेने एक पिशवी ९९५ डॉलरना विकली म्हणून आपण हसावे, इतके आपले हात स्वच्छ नाहीत.

म्हणून आमच्या सूचना अगदी साध्या आहेत. पहिली, अंतराळात जाणाऱ्या प्रत्येक भारतीय यानातील वस्तूंची यादी उड्डाणापूर्वीच व्हावी आणि कोणती वस्तू राष्ट्राची, कोणती प्रवाशाची हे तीत स्पष्ट लिहावे. दुसरी, परत आलेल्या प्रवाशाला काही वस्तू राष्ट्राने स्वहस्ते, लेखी आणि समारंभाने अर्पण कराव्यात. वीराला स्मृती ‘उचलून’ आणण्याची पाळी येऊ नये. तिसरी, त्याने वा त्याच्या वारसांनी ती वस्तू विकावयाचे ठरविल्यास रास्त किमतीत घेण्याचा पहिला अधिकार सार्वजनिक संग्रहालयाला असावा आणि त्यासाठी सरकारने पैसा बाजूला ठेवावा. पैसा न ठेवता केवळ हक्क सांगणारे सरकार म्हणजे फुकटे पाहुणे! चौथी, विज्ञानाच्या वस्तूंसाठी १९७२ च्या कायद्यातील शंभर वर्षांची अट काढून टाकावी. या चार गोष्टींना अग्निबाण लागत नाही. एक वही आणि एक प्रामाणिक कारकून पुरे आहे.

चंद्रावर जे राहिले आहे त्याचाही विचार आज ना उद्या करावा लागेल. तेथील यानांचे पाय, टाकून दिलेली पाठपेटारे, झेंडे आणि पाऊलखुणा अजून तशाच आहेत. १९६७ च्या अंतराळ कराराप्रमाणे चंद्राची भूमी कोणा राष्ट्राची नाही, पण तेथील यान मात्र पाठविणाऱ्या राष्ट्राचेच राहते. २०२३ च्या जूनमध्ये भारताने ‘आर्टेमिस’ करारनाम्यावर सही केली. त्यातही अंतराळातील वारसा जपण्याचे वचन आहे. तेव्हा उद्या तेथे जाणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही देशाचे असोत, हे ध्यानात ठेवावे की, तेथे वारा नाही, पाऊस नाही. पाऊलखूण पुसणारा मनुष्यच असेल.

आर्मस्ट्राँग यांच्या पत्नीने ती पिशवी संग्रहालयाकडे पोहोचती केली. कायद्याने ती तिच्या घरची होती. बाजारात तिचे काय मोल आले असते याची कल्पना ज्याची त्याने करावी. तिच्यावर कोणी दावा लावला नव्हता, कोणी दटावले नव्हते. तिने कपाट उघडले, जाणत्याला विचारले आणि जगाचे जगाला दाखविले. कायदे हवेत, वह्या हव्यात, संग्रहालये हवीत, हे सारे खरे. पण त्या सर्वांच्या आधी अशी एक दार उघडणारी बाई हवी. आपल्या घरोघरच्या कपाटांत, फळ्यांवर आणि माळ्यांवर कोणाकोणाच्या पराक्रमाच्या पिशव्या पडून असतील, कोणी सांगावे? रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी वाचकांनी त्या एकदा उघडून पाहाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.